आकीचं अठ्ठ्याण्णव साल

जावा बेटावरच्या आमच्या कावालूत कुणाच्या कारखान्यात फ्लॉपी अडकली की लोक आधी अल्लाचं नाव घेतात आणि लगेच पाठोपाठ कांग एंकोसचं. कांग म्हणजे दादा. एंकोस अठ्ठावन्नचा आहे, पण सत्तरीच्या बायकाही त्याला दादाच म्हणतात, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. माणूस बुटका, पोट जरासं पुढे, शर्टाच्या खिशात कायम एक बारीक स्क्रूड्रायव्हर आणि कान कोरायच्या कापसाच्या काड्या. काड्या कानासाठी नाहीत, फ्लॉपीच्या खाचेतली धूळ काढायला आहेत. त्याचे कान त्याला हवं तेवढंच ऐकतात, त्यांना साफसफाईची गरज नाही.

बु हाजी कोमारिया, म्हणजे हाजीबाई, यांच्या भरतकामाच्या कारखान्यात तो तीस वर्षं आहे. आधी पायाच्या मशीनवर बसायचा. शहाण्णव साली बारा डोक्यांचं जपानी यंत्र आलं, बारा कापडांवर एकदम एकच नक्षी काढणारं. ते चालवायला माणूस हवा होता. कुणी पुढे होईना, हा झाला. बांडुंगला सहा आठवडे शिकायला जाऊन आला आणि येताना सोबत एक कॉम्प्युटर घेऊन आला. यंत्र फ्लॉपीशिवाय घास घेत नाही आणि फ्लॉपीत नक्षी भरायची ती त्या कॉम्प्युटरनं. आता त्याचा रंग म्हाताऱ्याच्या दातांसारखा पिवळा पडलाय. सुरू होताना घसा खाकरल्यासारखा आवाज करतो. कारखान्यातल्या बायका त्याला आकी म्हणतात, म्हणजे आजोबा. जाता येता सलामही करतात, अर्धा थट्टेनं आणि अर्धा खरा.

आकीच्या पाठीमागे अंगठ्याएवढी एक किल्ली खुपसलेली आहे. ती काढली तर नक्षीचा प्रोग्राम उघडत नाही. पण खरी गोम वेगळीच. हा प्रोग्राम दरवर्षी नवा करून घ्यावा लागायचा. विकणाऱ्या कंपनीचा माणूस दर जानेवारीत यायचा, काहीतरी खाटखूट करायचा, चहा पिऊन जायचा. अठ्ठ्याण्णव साली सगळ्या देशाचा बाजार बसला, त्यात ती कंपनीही बसली. पुढच्या जानेवारीत माणूस येणार नव्हता. एंकोसनं आकीला ते कळूच दिलं नाही. एकतीस डिसेंबरच्या दुपारी त्यानं आकीचं घड्याळ मागे फिरवलं आणि पुन्हा एक जानेवारी अठ्ठ्याण्णववर आणून ठेवलं. मग दर जूनअखेर आणि दर डिसेंबरअखेर तेच. गेली पंचवीस वर्षं आकीच्या जगात सालच बदललेलं नाही. कुणी विचारलं, हे चालतं का, तर तो म्हणतो, "दुकानदारच पळून गेला तर गिऱ्हाइकानं काय उपाशी मरायचं?"

मात्र आकीला नव्याण्णव साल एकदा जरी दिसलं असतं, तरी प्रोग्रामनं कायमचं दार लावून घेतलं असतं. मग घड्याळ कितीही मागे फिरवा, उपयोग शून्य. म्हणून त्या घड्याळाला कुणी हात लावायचा नाही, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि सगळ्यांना ठाऊक होतं म्हणूनच कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं.

आता मा इचोहची गोष्ट. तिशीत असताना तिच्या हातासारखा हात साऱ्या कावालूत नव्हता. आज ती ब्याऐंशीची आहे आणि तिला डोळ्यांनी काही दिसत नाही. सत्त्याण्णव साली तिनं नेच्याच्या पानांची एक वेल काढली होती, रुमालाच्या काठासाठी. एंकोसनं तो कागद कॉम्प्युटरला जोडलेल्या पाटीवर ठेवून एकेक बिंदू टिपत आकीत उतरवला. सातव्या पानापाशी आला तर देठ एकदम उचकी लागल्यासारखा बाजूला जाऊन परत जागेवर आलेला. त्यानं विचारलं, "मा, हे सरळ करू ना?"

"राहू दे," मा इचोह म्हणाली. "नेनीचा धक्का आहे तो."

नेनी तिची एकुलती एक मुलगी. एंकोसनं राहू दिलं. पुढे रुमाल विकले गेले, कागद वाळवीनं खाल्ला. नेनी सहा वर्षांनी तापात गेली, पाच वर्षांची सिल्मी मागे ठेवून. घरात नेनीचा एक फोटो आहे, पण तो आता मा इचोहला दिसत नाही. हाताला लागेल असं नेनीचं म्हणून जगात एकच काही उरलं होतं, सातव्या पानाजवळचा तो उंचवटा. आणि तो आकीच्या पोटात होता.

या वर्षी सिल्मीचं लग्न ठरलं, ईदनंतर पाचव्या दिवशी. निकाहाच्या वेळी नवरा मुलीला जे देतो त्यात मुकेना असतोच, नमाजाच्या वेळी बायका अंगभर घेतात तो पांढरा झगा. मा इचोहनं नवऱ्याकडच्यांना सांगून टाकलं, मुकेना तुमचा, पण काठावर वेल माझी. ते बिचारे हो म्हणाले. मा इचोहला नाही म्हणणारा माणूस कावालूत अजून जन्मायचा आहे.

रुमालाची वेल झग्याच्या घेराला दीडपट मोठी करायला हवी होती. बु हाजींनी दोन वर्षांपूर्वी एक नवा कॉम्प्युटर घेतलाय, काळा, चपटा, आवाज न करणारा. त्या म्हणाल्या, "कांग, यावरच करा ना. आकीला किती दिवस ओढायचं?"

"करून बघा," एंकोस म्हणाला आणि हाताची घडी घालून बाजूला उभा राहिला. नवा कॉम्प्युटर जुनी नक्षी वाचतो, पण टाके म्हणून वाचतो, रेघ म्हणून नाही. नक्षी मोठी केली की टाके तेवढेच राहतात आणि एकमेकांपासून लांब सरकतात. वीस जणांच्या भातात तीस पाहुणे वाढावे तसं. पहिला तुकडा निघाला. मा इचोहनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "चाळण चांगली झाली. पीठ कुठाय?"

मग बु हाजींनी कारखान्यातल्या मुलींकडून तीच वेल नव्या प्रोग्राममध्ये नव्यानं काढून घेतली. तो प्रोग्राम भलता हुशार, रेघ जरा वाकडी दिसली की आपणच सरळ करतो. दुसरा तुकडा निघाला. टाके दाट, पानं टवटवीत. मा इचोहचं बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न अडखळता गेलं. तिनं कापड घडी करून परत दिलं.

"सुरेख आहे," ती म्हणाली. "कुणाची नक्षी?"

बु हाजींचं तोंड एवढंसं झालं. एंकोस म्हणाला, "मा, मी करतो. आकीला रेघ ठाऊक आहे. रेघ मोठी झाली की तो नवे टाके आपणच मोजतो."

"करतो म्हणतोस, पण कधी? मला बोटं आहेत तोवर कर."

दिवस ठरला. रमजानच्या दुसऱ्या दिवसापासून यंत्राची बाराही डोकी ईदच्या मालाला बांधलेली, आणि ईद झाली की कारखाना पंधरा दिवस बंद. मोकळा दिवस एकच होता, पहिल्या रोजाचा. बु हाजी स्पष्ट म्हणाल्या, "कांग, तो दिवस तुमचा. हुकला तर मी काही करू शकत नाही. मग ती सरळ वेलच लावून देऊ."

"हुकायला मी काय नवशिका आहे?" एंकोस म्हणाला.

रमजानच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सगळे मिळून जेवतात, एकमेकांची माफी मागतात आणि मग महिनाभराच्या उपासाला लागतात. कारखान्याची पंगत माशांच्या तळ्याकाठी होती. केळीच्या पानावर भात, तळलेला मासा, मिरचीचा ठेचा, कच्ची वांगी. एंकोसनं सकाळीच आकी सुरू केला, वेल उघडून पाहिली, दीडपट केली, पण टाके मोजायला लावायच्या आधी बाहेरून हाका सुरू झाल्या. कांग, मासे संपले तर आम्हाला बोलू नका. प्रोग्राम बंद केला, आकी तसाच चालू ठेवला आणि गेला. तीस वर्षांत त्याच्या हातून झालेली चूक ती एवढीच.

आणि त्याच दुपारी आबाह जुम्री आपल्या फेरीवर निघाले. आबाह मशिदीची देखभाल करतात. झाडणं, दिवे, बांग, सगळं तेच. दरवर्षी रमजानच्या आदल्या दिवशी ते गल्लीतल्या एकूणएक घरात आणि कारखान्यात जाऊन घड्याळं लावून देतात. कुणाचं घड्याळ दोन मिनिटं मागे असलं आणि त्यानं पहाटे खाण्याची वेळ टळल्यावर घास घेतला, तर त्याचा रोजा गेला, आणि ते पाप आबाह स्वतःच्या डोक्यावर घेतात. कारखान्यात कुणी नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी लावलं. बु हाजींच्या टेबलावरचं लावलं. मग त्यांची नजर आकीच्या कोपऱ्यातल्या आकड्यांवर गेली. सहा मिनिटं मागे. जवळ जाऊन बघतात तर सहा मिनिटांचं काय घेऊन बसलात, सव्वीस वर्षं मागे. आबाहंना मोबाइलवर घड्याळ लावायला त्यांच्या नातीनं शिकवलं होतं. इथेही तसंच काहीतरी निघालं. त्यांनी अगदी मन लावून तारीख, महिना, साल, सगळं बरोबर केलं. आणि केलेलं बरोबर उतरलं की नाही ते पाहायला समोर दिसेल ते चित्र दाबून पाहिलं. ते नेमकं नक्षीच्या प्रोग्रामचं होतं.

एंकोस परतला तेव्हा आबाह दारातच भेटले, प्रसन्न चेहऱ्यानं. "एंकोस, तुझा तो म्हातारा किती मागे राहिला होता रे. आणला बघ बरोबर."

एंकोस धावला नाही. चालतच आत गेला, खुर्चीवर बसला. पडद्यावर लाल चौकट होती. मुदत संपली, विक्रेत्याला भेटा. त्यानं घड्याळ मागे फिरवून पाहिलं. लाल चौकट तशीच.

मागून बु हाजी आल्या, बायका आल्या. एक म्हणाली, "आकी गेला?" आणि कुणी हसलं नाही. आबाहंना काय झालं ते समजायला जरा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा ते भिंतीला टेकून खालीच बसले. "नेनीची वेल होती ना त्यात," ते म्हणाले. नेनीच्या जनाज्याची नमाज त्यांनीच पढवली होती.

"वेल आहे," एंकोस म्हणाला. "वेल तीन फ्लॉप्यांवर आहे. प्रोग्राम झोपलाय. आबाह, उठा. बरोबर घड्याळ लावणं हा काही गुन्हा नाही, गुन्हा माझा आहे, मी कागद चिकटवला नाही. तुम्ही इथेच थांबा, तुमचं काम आहे."

"कांग," बु हाजी हळूच म्हणाल्या, "नसेल जमत तर सरळ वेल..."

"बु हाजी, मी जमत नाही म्हटलं का?"

एकाच जागी ठेवलेल्या गोष्टीला तो ठेवलेली म्हणतच नाही, हा त्याचा स्वभाव. दोन हजार एक साली त्यानं आकीच्या हार्ड डिस्कची हुबेहूब दुसरी डिस्क करून ठेवली होती. कावालूची हवा दमट, डिस्कला बुरशी लागायची भीती. घरात कोरडी जागा एकच, तांदळाची खोली. आमच्याकडे त्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकायचं नाही, ते राज्य बायकोचं. म्हणून डिस्क त्यानं एन्तिनच्या हवाली केली होती, आणि तेवीस वर्षांत त्यानं ती पाहिलेली नव्हती.

घरी जाऊन तो त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "एन्तिन, तो माझा डबा दे."

"कुठला डबा?" आतून आवाज आला.

"बिस्किटांचा. निळा."

"तो होय. मला वाटलं होतं तुम्ही विसरलात. मी त्यात शेवग्याचं बी ठेवलंय."

एंकोसनं उंबऱ्याच्या आत मान खुपसली. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

एन्तिन बाहेर आली ती ओढणीआड हसू दाबत. निळा डबा, आत मलमलीत गुंडाळलेली डिस्क, भोवती भाजलेले तांदूळ. "दरवर्षी रमजानच्या आधी तांदूळ बदलते. ओलसर झाले की काढायचे, ताजे भाजून घालायचे. तुम्ही एकदाच सांगितलं होतंत. एकदा सांगितलेलं तुम्ही ऐकत नाही, मी ऐकते."

"फार उपकार झाले, राणीसाहेब."

"तळ्यावरून मासा आणायचा राहिला ना? आता उपकारच पुरवा संध्याकाळच्या भाताला."

कारखान्यात येऊन त्यानं आकीचं झाकण उघडलं आणि जुनी डिस्क सोडवली. नवी, म्हणजे तेवीस वर्षं झोपलेली, लगेच जोडली नाही. आधी घड्याळ, मग डिस्क. उलटं झालं तर दुसरीही कुलूपबंद. त्यानं आकीला डिस्कशिवायच चालू केलं आणि निळा पडदा आणला. तिथे फक्त तारीख बदलता येते.

"आबाह, या. बसा. साल बदला."

"मी?" आबाह हातभर मागे सरले. "माझ्या हातून चुकीची वेळ लावून घेतोस? उद्या रोजा आहे एंकोस."

"चुकीची कुठे? बु हाजींच्या भिंतीवर ही चुकीची वेळ असेल. आकीची वेळ हीच. प्रत्येकाचं घड्याळ ज्याचं त्याला लावून द्यायचं, हेच काम करता ना तुम्ही?"

आबाहंनी विचार केला. मग ओठ हलवून काहीतरी पुटपुटले आणि एकेका बोटानं दाबत दाबत सव्वीस वर्षं मागे गेले. एक जानेवारी, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. एंकोसनं तीनदा तपासलं. आकी बंद करून पुन्हा सुरू केला, साल टिकलंय का ते पाहिलं. टिकलं होतं. मग डिस्क जोडली.

डिस्क फिरेना. आतून टक्, टक् आणि मग गप्प. एंकोसनं डिस्क सोडवली, शर्टात काखेशी धरून शांतपणे दहा मिनिटं बसला. म्हणाला, "म्हातारी माणसं थंडीत अशीच आखडतात." ऊब लागली तशी त्यानं ती तळहातावर आडवी धरली आणि मनगटाला एकच झटका दिला, पोळी उलटवतात तेवढाच. पुन्हा जोडली. आधी काही नाही. मग हळूहळू चढत जाणारा एक बारीक सूर, आणि आकीनं घसा खाकरला.

"सलाम, आकी," मागून कुणी तरी म्हणालं, आणि या वेळी त्यात थट्टा अजिबात नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहिला रोजा. एंकोसनं वेल उघडली, दीडपट केली, टाके मोजायला लावले. आकीला त्याला सव्वा तास लागला. नवा कॉम्प्युटर तेवढ्या वेळात चाळीस नक्ष्या मोजतो, पण त्या दिवशी ते कुणी बोलून दाखवलं नाही. पडद्यावर सातव्या पानापाशी देठ बाजूला गेला आणि परत आला. दीडपट मोठा धक्का.

बु हाजींनी खांद्यावरून पाहिलं. "कांग, एवढ्या मोठ्या आकारात ते चुकल्यासारखं दिसतं. नवऱ्याकडचे म्हणतील, कारखान्यानं घाण केली. थोडंसं बसवता नाही का येणार?"

"येईल की. दोन बिंदू हलवले की बसेल."

"मग हलवा."

"नाही हलवणार," एंकोस म्हणाला. "कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. कांग एंकोसची चूक म्हणा. मला चालेल."

बु हाजी मालकीण आहेत, पण तीस वर्षांत त्यांनी त्याला मान वर करून बोलताना फार थोड्या वेळा पाहिलं होतं. त्या आपल्या टेबलाकडे गेल्या. फ्लॉपी भरली, यंत्रानं ती गिळली, आणि बारातल्या एका सुईखाली पांढऱ्या कापडावर पांढरी वेल उगवायला लागली. दुपार उतरायच्या आत झगा तयार होता. त्या संध्याकाळी आबाहंची बांग झाली तेव्हा एंकोस आकीजवळ बसून नारळाच्या दुधातली केळी खात होता, आणि आकीवर एक जाड कागद चिकटवलेला होता. घड्याळ बरोबर आहे. हात लावू नये.

लग्न भर दुपारी, मा इचोहच्या अंगणात झालं. निकाह लागला, नवऱ्यानं ताटात ठेवलेला मुकेना सिल्मीच्या हातात दिला. एंकोस दुसऱ्या रांगेत ताट घेऊन बसला होता, शेजारी बु हाजी. मा इचोहनं हाक मारली, "सिल्मी, इकडे आण तो."

तिनं काठ हातात घेतला. बोट पानावरून पानावर सरकत गेलं. एक, दोन, तीन. सातव्याला थांबलं. कितीतरी वेळ ते तिथेच होतं. मग तिनं सिल्मीचा हात ओढून तिचं बोट तिथे टेकवलं.

"लागलं?"

"काहीतरी वर आलंय, मा. चुकलंय का?"

बु हाजींनी एंकोसकडे पाहिलं. एंकोस ताटाकडे पाहत राहिला.

"मी ओटीवर बसून काढत होते," मा इचोह म्हणाली. "तुझी आई मागून धावत आली आणि माझ्या गळ्यातच पडली. पेन्सिल सटकली. मी तिच्या हातावर चापट मारली, म्हटलं, दिवसभराचं काम नासवलंस, गाढवे. तर ती हसतेच आहे. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, मा, मला दिवस गेलेत."

सिल्मीचं बोट हललं नाही. "म्हणजे मी?"

"नाहीतर कोण, शेजारीण? तूच होतीस. पहिली चापट तुलाच बसली म्हणायची." मा इचोहचे न दिसणारे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. "नेनी म्हणाली, मा, हे खोडू नकोस, बाळ मोठं झालं की दाखवू. मग तिला वेळच मिळाला नाही. आज मी दाखवलं."

सिल्मीनं तो काठ तोंडाशी धरला आणि लग्नाचा सगळा साज विसरून लहान पोरीसारखी रडली.

एंकोसला सत्तावीस वर्षं धक्का माहीत होता, त्याच्यामागचं बोलणं माहीत नव्हतं. त्यानं ताट खाली ठेवलं आणि बाहीनं डोळे पुसले, उघडपणे, सगळ्यांसमोर.

बु हाजी त्याच्याकडे सरकून खालच्या आवाजात म्हणाल्या, "कांग, येत्या एकतीस डिसेंबरला आकीचं घड्याळ फिरवाल तेव्हा मला बोलवा. मलाही शिकायचंय."

"दुपारी दोनला या," एंकोस म्हणाला. "आणि येताना नव्या डिस्कसाठी एन्तिनकडून भाजलेले तांदूळ घेऊन या."